गृहस्थ लूथर

मार्टिन लूथरचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस नवें नाहीं. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेंत विटेनबर्गच्या देवळाचें दार, पंचाण्णव विधानें, वर्म्सची सभा आणि बादशहासमोर एकटा उभा राहिलेला मठवासी, एवढें लिहिलें कीं मुलें मोकळीं होतात. त्यांत चुकीचें कांहीं नाहीं. परंतु १५२१ सालच्या त्या सभेनंतर लूथर जवळजवळ पंचवीस वर्षें जगला, आणि त्यांतील वीसांहून अधिक वर्षें त्यानें बायको, मुलें, पाहुणे, आश्रित, गुरेंढोरें आणि देणेकरी यांच्या गराड्यांत काढलीं. हा दुसरा लूथर पाठ्यपुस्तकांत फारसा भेटत नाहीं. आम्हांस मात्र तो पहिल्याहून कमी थोर वाटत नाहीं. आणि आपल्यासारख्या संसारी माणसांच्या तर तो अधिक जवळचा आहे.

या मासिकासाठीं हें चरित्र निवडण्यास एक कारण आहे. नाताळची अगर उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे आमच्या वसतिगृहांतील मुलें आपापल्या गांवीं जातात. कित्येक पालकांची अशी समजूत असते कीं, धर्मशिक्षण हें शाळेचें काम. मुलाला मिशनच्या शाळेंत घातलें म्हणजे तो भार उतरला. मुलांची समजूत याच्याच जोडीची: शाळेची घंटा थांबली कीं प्रार्थनाहि थांबली. देव उपासनामंदिरांत असतो, चुलीपाशीं नसतो, असें कोणी तोंडानें म्हणत नाहीं. पण वागणें तसेंच असतें. तरुणपणीं लूथरहि असेंच समजत होता, आणि त्या समजुतीनेंच त्याला घर सोडावयास लाविलें.

त्याचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजीं जर्मनींतील आइसलेबेन या गांवीं झाला. बाप हान्स हा शेतकऱ्याच्या घराण्यांतला; तो तांब्याच्या खाणींच्या धंद्यांत शिरला आणि मान्सफेल्ड येथें काबाडकष्ट करून वर आला. आईबापांचें मुलावर प्रेम होतें, पण शिस्त फार कडक. एकदां एका अक्रोडावरून आईनें त्याला रक्त येईपर्यंत मारलें. शाळेंत लॅटिन व्याकरणापायीं एकाच सकाळीं त्यानें पंधरा वेळां मार खाल्ला. या गोष्टी त्यानेंच पुढें उतारवयांत जेवणाच्या पंक्तीला सांगितलेल्या आहेत. जेथें घर असें आणि शाळा अशी, तेथें देवहि मुलाच्या मनांत छडी घेऊनच उभा राहिला तर नवल काय? चित्रांतला ख्रिस्त त्याला तारणारा न दिसतां कठोर न्यायाधीश दिसे.

एर्फुर्टच्या विद्यापीठांत त्यानें एम्. ए. ची पदवी मिळविली. मुलानें वकील व्हावें ही बापाची इच्छा, म्हणून कायद्याचा अभ्यास सुरू झाला. १५०५ सालच्या जुलै महिन्यांत तो घरीं आईबापांस भेटून एर्फुर्टला परत चालला असतां स्टॉटर्नहाइम गांवाजवळ त्याला वादळानें गांठलें. अगदीं जवळ वीज पडली. त्या भयांत त्यानें संत अॅन्नाचा धांवा केला आणि जीव वांचला तर मठवासी होईन असा नवस केला. पंधरा दिवसांच्या आंत तो मठाच्या दारांतून आंत गेला. बाप संतापला, पण उपाय नव्हता.

देवाला प्रसन्न करून घ्यावयाचें तर आईबाप, लग्न, धंदा हें सर्व मागें टाकलें पाहिजे, असें त्या काळीं बहुतेक सर्व लोक मानीत. लूथरनें तें मत मनोभावें पाळलें. उपास केले, थंडींत कुडकुडत रात्री जागून काढल्या, तासन्‌तास पापकबुली दिली. ऐकणाऱ्या धर्मगुरूंस कंटाळा येई. तरी मनाला शांति नाहीं. ती मिळाली ती शास्त्र वाचतां वाचतां. देव माणसाला त्याच्या कर्मांवरून नव्हे तर विश्वासानें नीतिमान् ठरवितो, हें पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत त्याला उमगलें. यापुढची हकीकत विद्यार्थ्यांस पाठ आहेच. ती आम्ही सोडून देतों. आमच्या विषयापुरती गोष्ट एवढीच कीं, देवाची कृपा जर मोलानें विकत घेतां येत नाहीं, तर मठांतला माणूस आणि नांगर धरणारा माणूस यांच्यांत देवापुढें उच्चनीच उरत नाहीं. घर झाडणाऱ्या मोलकरणीचें कामहि, तें विश्वासानें केलेलें असेल तर, देवाची सेवाच ठरतें. लूथरनें हें आधीं पुस्तकांत लिहिलें. तें खरें करून दाखविण्याची पाळी त्याच्यावर नंतर आली.

वर्म्सच्या सभेनंतर वार्टबर्गच्या किल्ल्यांत लपून असतां त्यानें नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें. तें १५२२ च्या सप्टेंबरांत छापून निघालें. संपूर्ण बायबल निघावयास १५३४ साल उजाडलें. या कामांतहि त्याचें लक्ष घराकडे होतें. घरांत आई मुलांशीं कशी बोलते, रस्त्यांत पोरें कशीं बोलतात, बाजारांत साधा माणूस कसा बोलतो, हें ऐकून मग लिहावें, असा त्याचा परिपाठ. जुन्या करारांतील यज्ञबलींचे नियम लिहितांना मेंढ्याच्या आंतील अवयवांचीं नांवें अडलीं, तेव्हां त्यानें खाटकाकडून मेंढा फाडवून एकेका भागाचें नांव विचारून घेतलें. पंडितानें खाटकाला गुरु करावें, हें आम्हांस त्याच्या साऱ्या विद्वत्तेपेक्षां मोठें वाटतें.

त्याच १५२२ सालीं त्यानें विवाहित स्थितीवर एक निबंध लिहिला. त्यांत तो म्हणतो कीं, बाप आपल्या तान्ह्याचे लंगोट धूत बसला तर शेजारी त्याला खुशाल हंसोत. पण तो तें काम विश्वासानें करीत असेल तर देव आणि देवदूतहि आनंदानें हंसतात, आणि तें त्या लंगोटांना नव्हे, तर त्या बापाच्या विश्वासाला पाहून. ज्या वेळीं त्यानें हें लिहिलें त्या वेळीं तो अविवाहित होता. ज्याच्या घरांत पाळणा नाहीं त्यानें लंगोटांवर प्रवचन करणें सोपें असतें, असें एखादी माउली म्हणेल, आणि तें खोटें नाहीं.

पण परीक्षेचा दिवस लवकरच आला. १५२३ सालच्या ईस्टरच्या सुमारास निम्बशेन येथील मठांतून बारा जोगिणी रात्रीं निसटल्या. टोरगाउ गांवच्या एका व्यापाऱ्यानें त्यांना आपल्या गाडींतून लपवून आणिलें. त्यांतील नऊ जणी विटेनबर्गला पोंचल्या. एकेकीची सोय लागत गेली. मागें राहिली काथरिना फॉन बोरा. एक स्थळ मोडलें, दुसरें तिनें स्वतःच नाकारलें, आणि लूथर अगर त्याचा मित्र आम्सडोर्फ यांपैकीं कोणी तयार असेल तर आपली हरकत नाहीं, असें तिनें स्पष्ट कळविलें. १३ जून १५२५ रोजीं लूथरचें तिच्याशीं लग्न झालें. तो एकेचाळीस वर्षांचा, ती सव्वीस वर्षांची. मित्रांपैकीं कित्येकांस हें लग्न अवेळीं झालें असें वाटलें. शत्रूंस तर चर्चेला विषयच मिळाला.

ज्या मठांत तो संन्यास घेऊन राहिला होता, तोच रिकामा झालेला मठ आतां त्याचें घर झाला. लग्नापूर्वीं वर्षभर कोणी आपला बिछानाहि नीट झटकला नव्हता, घामानें त्यांतील गवत कुजलें होतें, आपण दिवसभर दमून तसेच त्यावर पडत असूं, असें तो पुढें सांगे. काथरिनेनें त्या ओसाड इमारतीचा ताबा घेतला. भाजीपाल्याची बाग, फळझाडें, माशांचें तळें, डुकरें, गाई, पुढें त्स्युल्सडोर्फ येथील लहानशी शेतीवाडी, हें सर्व ती पाही. घरची बीअरहि तीच करी; त्या देशांत त्या काळीं तें नित्याचें पेय होतें, तेव्हां वाचकांनीं भलता अर्थ घेऊं नये. लूथरच्या हातीं पैसा टिकत नसे. छापखानेवाल्यांकडून पुस्तकांबद्दल तो कांहीं घेत नसे, आणि दारीं आलेल्याला घरांतील चांदीचा पेलाहि देऊन टाकण्याची त्याची तयारी असे. मेलेल्या नातलगांचीं पोरकीं मुलें, भाडें देऊन राहणारे विद्यार्थी, परागंदा झालेले धर्मोपदेशक, मठ सोडून आलेल्या बाया, अशी नेहमीं गर्दी. १५४२ सालीं एका राजपुत्रानें त्या घरीं उतरण्याचा बेत केला, तेव्हां तेथें शांतता मिळावयाची नाहीं, दुसरीकडे उतरावें, असा सल्ला त्याला देण्यांत आला. एवढा पसारा ज्या बाईनें सांभाळला तिला लूथर पत्रांतून थट्टेनें आपले धनी म्हणून संबोधी, आणि शास्त्रांतलें आपलें सर्वांत लाडकें जें गलतीकरांस पत्र, त्यास तो आपली काथरिना म्हणे.

या घरांतील जेवणाचें टेबल ही लूथरची दुसरी शाळा. विद्यार्थी भोंवतीं बसून त्याचें बोलणें टिपून घेत, म्हणूनच हें सर्व आज आपणांस ठाऊक आहे. त्या बोलण्यांत तत्त्वज्ञान थोडें आणि घरांत जें समोर दिसे तेंच फार. टोल्पेल नांवाचें त्याचें एक कुत्रें होतें. मालकाच्या हातांतील मांसाच्या तुकड्याकडे तें डोळ्यांची पापणी न हलवितां पाहत राही. तें पाहून लूथर म्हणे कीं, आपणांस असें एकचित्त होऊन प्रार्थना करतां आली असती तर! संध्याकाळीं झाडावर झोंपावयास आलेलें पांखरूं पाहून तो म्हणे कीं, हें उद्यांची चिंता न करतां फांदीला धरून बसतें, आपणांस मात्र झोंप नाहीं. १५३५ सालीं त्याच्या न्हाव्यानें प्रार्थना कशी करावी असें विचारलें, तेव्हां त्याच्यासाठीं त्यानें एक लहानसें पुस्तकच लिहिलें. त्यांत त्यानें न्हाव्याच्याच धंद्यांतला दाखला घेतला: वस्तरा हातांत असतां न्हावी इकडेतिकडे पाहूं व बडबडूं लागला तर गिऱ्हाइकाचें नाक जावयाचें, प्रार्थनेंतहि तशीच नजर ठेवावी. त्या न्हाव्याला हें समजावयास दुसऱ्या कोणाची गरज पडली नसेल.

१५२८ च्या सुमारास सॅक्सनींतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्या तपासण्याचें काम निघालें. जें दिसलें त्यानें लूथर हादरला. लोकांना धर्माचीं मूलतत्त्वें येत नव्हतीं. कित्येक ठिकाणीं धर्मगुरूंनाहि शिकवितां येत नव्हतें. मोठा सिद्धांतग्रंथ लिहून हें भागणार नव्हतें. १५२९ सालीं त्यानें लहान प्रश्नोत्तरावलि लिहिली, आणि ती प्रथम भिंतीवर लावावयाच्या तक्त्यांच्या रूपानें निघाली. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, हे भाग घरधन्यानें आपल्या घरच्यांना कसे शिकवावे तें त्यांत दिलें आहे. सकाळीं उठल्यावर, रात्रीं निजतांना, जेवणापूर्वीं आणि जेवणानंतर करावयाच्या प्रार्थना आहेत. रोजची भाकर म्हणजे काय, याचें उत्तर देतांना त्यानें अन्नाबरोबर जोडे, कपडे, घर, शेत, गुरें, पैसा, चांगला पाऊसपाणी, चांगले मित्र आणि इमानी शेजारी हेंहि सर्व मोजलें आहे. जोड्यांचें नांव प्रार्थनेंत घेणारा धर्मपंडित आम्हांस दुसरा माहीत नाहीं. आमच्या पालकांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें कीं, हें पुस्तक प्रथमतः शाळामास्तरांसाठीं नव्हतें, घरच्या वडीलधाऱ्यांसाठीं होतें.

सणांविषयीं त्याचें वागणें पहिल्यानें परस्परविरोधी वाटेल. १५२० सालीं जर्मन सरदारांस उद्देशून लिहिलेल्या पुस्तकांत त्यानें सुचविलें कीं, संतांचे सण बंद करून फक्त रविवार ठेवावा. कारण सणाच्या दिवशीं लोक दारू पितात, जुगार खेळतात, काम बुडवितात, आणि साध्या दिवसापेक्षां अधिक पाप करतात. आमच्याकडील कांहीं जत्रा आणि, खरें सांगावयाचें तर, कांहीं नाताळहि पाहून कोणासहि हेंच सुचेल. पण घरचा नाताळ मात्र लूथर मोठ्या हौसेनें करी. मुलांसाठीं त्यानें ख्रिस्तजन्माचें एक गीत रचलें. तें १५३५ सालीं छापलेल्या गीतसंग्रहांत आहे. देवदूतानें येऊन वार्ता सांगावी आणि मुलांनीं पाळण्याशीं येऊन तान्ह्या प्रभूचें स्वागत करावें, अशी त्याची रचना असून त्याची चाल साध्या खेळगाण्याच्या वळणाची आहे. जेवणानंतर ल्यूट नांवाचें तंतुवाद्य घेऊन तो मुलांबरोबर गात असे. नाताळच्या झाडावर पहिल्या मेणबत्त्या लूथरनें लाविल्या, अशी गोष्ट पुष्कळ ठिकाणीं छापलेली आढळते. तिला त्याच्या काळचा आधार मात्र नाहीं, तीं चित्रें एकोणिसाव्या शतकांतलीं आहेत.

नाताळच्या प्रवचनांत तो गोठ्याचें वर्णन अशा रीतीनें करी कीं ऐकणाऱ्यास थंडी वाजावी. पहिलटकरीण मरिया, परका गांव, जवळ सुईण नाहीं, ऊन पाणी नाहीं, कोणी दिवाहि आणून देत नाहीं. मग तो लोकांकडे वळे. तुम्हांला वाटतें, आम्ही तेथें असतों तर बाळाचे कपडे धुतले असते, धांवत मदतीला गेलों असतों. आज तो ख्रिस्त कोण आहे तें तुम्हांला माहीत आहे म्हणून हें सुचतें. त्या वेळीं तुम्ही बेथलेहेमच्या लोकांहून निराळे वागलां नसतां. सेवा करावयाची असेल तर शेजाऱ्याची करा, कारण ख्रिस्त तेथें आहे. अशा आशयाचें तो बोले. प्रकृति बिघडून देवळांत जाणें होईनासें झालें तेव्हां १५३२ पासून कांहीं काळ तो रविवारीं घरच्या माणसांनाच जमवून उपदेश करी. तीं घरगुती प्रवचनें पुढें १५४४ सालीं पुस्तकरूपानें निघालीं.

१५३० सालीं ऑग्सबुर्ग येथें बादशहाची सभा भरली. लूथरवर बहिष्कार असल्यामुळें त्याला तेथें जातां येईना. तो एप्रिलपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत कोबुर्गच्या किल्ल्यांत राहिला. खिडकीसमोर कावळ्यांचा थवा जमे. आपल्यापुढेंहि एक राजसभा भरली आहे, असें त्यानें मित्रांस विनोदानें कळविलें. काथरिनेनें वर्षभराच्या माग्दालेनेचें चित्र पाठविलें होतें, तें तो जवळ ठेवी. तेथेंच त्याला बाप वारल्याची वार्ता समजली. ज्या बापाची इच्छा मोडून तो मठांत गेला होता त्याच्यासाठीं तो स्तोत्रांचें पुस्तक हातीं घेऊन खोलींत शिरला आणि पोटभर रडला. आणि त्याच दिवसांत, राज्यांचें भवितव्य ज्या चर्चेवर लटकलें होतें ती चालू असतां, त्यानें आपल्या चार वर्षांच्या हान्सला एक पत्र लिहिलें. त्यांत एका बागेचें वर्णन आहे. तेथें मुलें सोन्याचे अंगरखे घालून सफरचंदें आणि नासपतीं वेंचतात, सोन्याचे लगाम घातलेल्या लहान घोड्यांवर बसतात. आणि जो मुलगा प्रार्थना करतो व अभ्यास करतो त्याला आपल्या मित्रांसह तेथें जातां येतें. स्वर्गाची गोष्ट चार वर्षांच्या मुलास समजेल अशी सांगावयाची, म्हणजे ती घोडे आणि फळें यांच्याच भाषेंत सांगितली पाहिजे. ज्या मुलाच्या लहानपणीं देव छडी घेऊन उभा होता, त्यानें बाप झाल्यावर आपल्या मुलापुढें ही बाग ठेविली.

त्याचा अर्थ तो लाडांनीं मुलें बिघडवी असा नव्हे. छडीशेजारीं सफरचंदहि असावें, असें त्याचें मत होतें. पण छडी अजिबात नको असें तो कधीं म्हणाला नाहीं. एकदां हान्सच्या अपराधाबद्दल तीन दिवस त्याचें तोंडहि पाहिलें नाहीं. काथरिनेनें मध्यस्थी केली, मित्रांनीं केली, तरी मुलानें लेखी क्षमा मागेपर्यंत तो विरघळला नाहीं. पुढें हान्सला टोरगाउ येथील शाळेंत ठेविलें. १५४२ च्या डिसेंबरांत, नाताळच्याच सुमारास, त्याला घरची फार आठवण होऊं लागली, आणि बरें वाटत नसेल तर परत ये, असें आईनें म्हटलेलें त्याच्या मनांत घोळूं लागलें. लूथरनें शिक्षकाला आणि मुलालाहि लिहिलें कीं, दुखणें असेल तर कळवावें, नाहींतर मन आवरून अभ्यास करावा. आमच्या वसतिगृहांतील मुलांस हें वाचून लूथरचा राग येईल. आम्हांसहि या प्रसंगीं आईचीच बाजू घ्यावीशी वाटते. कारण तो मुलगा तीन महिन्यांपूर्वींच एका मरणशय्येपासून शाळेंत परत आलेला होता.

तें मरण त्याच्या धाकट्या बहिणीचें. लूथरच्या सहा मुलांपैकीं एलिझाबेथ ही आठ महिन्यांची होऊन १५२८ सालीं वारली होती. तिच्यामागून १५२९ सालीं जन्मलेली माग्दालेना ही सर्वांची लाडकी. १५४२ च्या सप्टेंबरांत, तेरा वर्षांची असतां, ती आजारी पडली. भावाबहिणीचें फार सख्य. म्हणून लूथरनें टोरगाउच्या शिक्षकास लिहून हान्सला ताबडतोब बोलावून घेतलें, आणि कारण त्याला सांगूं नये असेंहि लिहिलें. शेवटल्या दिवसांत बाप तिच्या बिछान्याशीं गुडघे टेकून रडत प्रार्थना करी. येथें या बापापाशीं राहावयाला तुला आवडेल, आणि त्या पित्याकडे जावयासहि तूं राजी आहेस ना, असें त्यानें तिला विचारलें. देवाची इच्छा असेल तसें, असें ती म्हणाली. २० सप्टेंबर रोजीं त्याच्या हातांवर तिचा प्राण गेला. आई त्याच खोलींत होती, पण दुःखानें पलंगापासून दूर उभी होती.

त्यानंतर तीन दिवसांनीं त्यानें आपला मित्र योनास यास पत्र लिहिलें. पुनरुत्थानावर प्रवचनें केलेला हा माणूस त्यांत लिहितो कीं, आम्हीं उभयतांनीं आनंदानें देवाचे आभार मानावयास हवेत, ती सुखरूप सुटली. पण तिचें बोलणें, तिचें चालणें, तिचा चेहरा काळजांत इतका खोल बसला आहे कीं हुंदका आवरत नाहीं, आणि ख्रिस्ताच्या मरणाचें स्मरणहि तें दुःख पुरतें काढून टाकूं शकत नाहीं. विश्वास असला म्हणजे डोळ्यांना पाणी येत नाहीं, असें कोणी लहान मुलास सांगत असेल तर त्यानें हें पत्र वाचावें. ज्यांच्या घरीं अशी जागा रिकामी झाली आहे असे पालक आमच्या वाचकांत आहेत. त्यांना आम्ही यापलीकडे कांहीं सांगूं इच्छीत नाहीं.

लूथर देवदूत नव्हता, आणि त्याचें चरित्र मुलांपुढें ठेवतांना हें झांकून ठेवणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. लग्नाच्याच वर्षीं, १५२५ सालीं, शेतकऱ्यांच्या बंडाच्या वेळीं, बंडखोरांस वेचून ठार मारावें असें सरदारांस चेतविणारें एक पत्रक त्यानें लिहिलें. हजारों गरिबांचा संहार झाला. १५४३ सालीं त्यानें यहुदी लोकांविरुद्ध जें पुस्तक लिहिलें त्यांत त्यांचीं सभास्थानें जाळावीं असा सल्ला आहे. विसाव्या शतकांत जर्मनींतील दुष्टांनीं त्या पुस्तकाचा उपयोग करून घेतला, आणि पुढें लूथरच्या नांवानें चालणाऱ्या अनेक मंडळ्यांनीं त्या लिखाणाचा उघड निषेध केला. ज्याच्या टेबलाशीं पोरक्या मुलांस जागा होती त्याच्या मनांत परधर्मीय शेजाऱ्यास जागा राहिली नाहीं. गोठ्याचें प्रवचन त्यानें येथें स्वतःलाच ऐकवावयास हवें होतें.

१५४६ च्या जानेवारींत, कडक हिवाळ्यांत, मान्सफेल्डच्या सरदार भाऊबंदांतील तंटा मिटविण्यासाठीं तो आइसलेबेनला गेला. तिन्ही मुलगे बरोबर होते. काथरिना घरीं काळजीनें झोंपेना. तेव्हां त्यानें तिला थट्टेचीं पत्रें लिहिलीं: तूं माझी काळजी करूं लागल्यापासून आमच्या खोलीबाहेर आग लागली, डोक्यावर दगड पडतां पडतां राहिला; आतां अशीच काळजी करशील तर जमीनच दुभंगून आम्हांला गिळील! तूं प्रार्थना कर आणि काळजी देवाला करूं दे, असा त्याचा सारांश. तंटा मिटला. १८ फेब्रुवारी १५४६ रोजीं पहाटे, ज्या गांवीं जन्म झाला त्याच गांवीं, त्याचा अंत झाला.

त्यानें मृत्युपत्रांत सर्व कांहीं काथरिनेच्या हवालीं केलें होतें. विधवा बाईच्या हातीं असा कारभार देणें तेथील कायदेपंडितांस मान्य होईना, आणि तिला पालक नेमून घ्यावे लागले. मग लढाई आली. दोनदां घर सोडून पळावें लागलें. परत आली तों शेतीवाडी उध्वस्त. ती कर्ज काढून, विद्यार्थी ठेवून पुन्हां उभी राहिली. १५५२ सालीं विटेनबर्गांत प्लेग आला, तेव्हां ती मुलांस घेऊन टोरगाउकडे निघाली. वाटेंत घोडे उधळले, ती गाडींतून पडली, आणि तीन महिने अंथरुणास खिळून २० डिसेंबर रोजीं, नाताळच्या पांच दिवस आधीं, वारली. तिला टोरगाउच्या देवळांत पुरलें.

विटेनबर्गच्या त्या घराला तिनें १५४० सालीं कोरीव दगडाचें एक दार बसवून घेतलें होतें. तें अजून आहे. त्याच्या एका अंगाला वर लूथरचा चेहरा, दुसऱ्या अंगाला त्याची गुलाबाची मुद्रा, आणि दोन्ही बाजूंस, जमिनीपासून हातभर उंचीवर, संध्याकाळीं कामें आटोपल्यावर नवराबायकोनें बसावें अशा दोन लहान दगडी बैठका आहेत.